गुरुवारची भट्टी

मागच्या महिन्यात हिंजवडीच्या एका हॉटेलात देशाचं इंधन आणि उद्याची गरज यावर दिवसभराची चर्चा होती. कंपनीने मला पाठवलं. स्टेजवरचे गृहस्थ सांगत होते की आपल्याला लागणारं तेल बहुतेक सगळं बाहेरून येतं, गॅसचीही गत फार वेगळी नाही, कोळसा आपला आहे पण त्यालाही कधीतरी तळ लागणार. सगळं खरं. आणि हे ऐकताना हॉलमधल्या आम्ही बायका ओढण्या गुंडाळून कुडकुडत बसलेलो, एसी असा सोडलेला. वर मागचं दार खुर्ची लावून सताड उघडं, का, तर वेटरांना ये-जा करायला बरं पडतं. अर्धा तास मी दम धरला. मग उठले, खुर्ची काढली, दार लावलं. वेटर म्हणाला, "मॅडम, ते उघडंच असतं." मी म्हटलं, "असेल. आता बंद असेल." चार माना वळल्या. परत येऊन बसल्यावर माझं मलाच हसू आलं, कारण तो आवाज माझा नव्हता.

तो आवाज नानांचा होता. चाकणच्या ज्या कारखान्यात मी पहिली नोकरी केली, तिथे ते भट्टीचे फोरमन होते. गाड्यांचे सुटे भाग तापवून कडक करायचे, हे आमचं काम. त्यासाठी गॅसवर चालणाऱ्या दोन भट्ट्या होत्या, खोलीएवढ्या मोठ्या, आतून विटांच्या. एक नंबर जुनी, दोन नंबर नवी. नानांचं खरं नाव मी लिहीत नाही. "कागद कशाला खराब करता" म्हणाले असते. समोर सगळे त्यांना नाना म्हणायचे आणि माघारी 'दारलावे'. कारण माल आत सरकवून झाला की भट्टीचं दार एक क्षणही जास्त उघडं राहिलं, तर शेडच्या कुठल्याही कोपऱ्यातून आरोळी यायचीच, "दार लावा!"

मी परभणीची. काळेवाडीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायचे, कंपनीच्या बसने यायचे-जायचे, आणि डिग्रीचा तोरा नाकावर होता. पहिल्याच दिवशी नानांनी मला भट्टीच्या काचेच्या भोकापाशी नेलं. आत निळी ज्योत भणभणत होती.

"इंजिनेर बाई, ही ज्योत कुठली?"

"बर्नरची."

"न्हाई."

"गॅसची मग."

"गॅस कुठला?"

"पाइपातून येतो."

"आन पाइपात?"

मी पाइपाकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "बोटीतून. समुद्रावरनं, लोकाच्या देशातनं. चार वर्सं कालेजात काय शिकवलं तुमाला?"

मला असला राग आला! मी म्हटलं, "तुम्हाला तरी कोणी शिकवलं?" तर म्हणाले, "पेपरानं. पेपर समदेच वाचत्यात. पान उलटून क्रिकेट बघत्यात, येवढंच."

मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली, जी मी पुढे निदान पन्नासदा ऐकली. त्यांच्या आईची चूल विझली की ती शेजारणीकडे विस्तू मागायला जायची. विस्तू मिळायचा, पण सोबत चार टोमणेही ऐकून घ्यावे लागायचे. "देशाचं तेच हाय. ज्याच्या घरचा विस्तू, त्याचं ऐकून घ्यायचं. म्हनून आय काय करायची? निजायच्या आधी निखारा राखंत पुरून ठिवायची. सकाळी फुंकर मारली का चूल तयार. शेजारनीचं तोंड बघायचं काम न्हाई." एवढं बोलून ते निघून गेले, आणि जाता जाता माझ्या टेबलावरचा पंखा बंद करून गेले. मी टेबलापाशी नव्हते, हे मान्य. पण चार पावलांवर तर होते!

माणूस असा वैताग होता. आत माणूस असताना संडासाचा दिवा बंद करायचे. कॅन्टीनमध्ये दुसऱ्यांदा चहा उकळला की आचाऱ्याशी भांडायचे. कामगारांचे डबे मात्र भट्टीच्या गरम धुराड्याला टेकवून तापवायला त्यांनी स्वतः फळी ठोकून दिलेली. वाया जाणारी ऊब पोटात गेली तर पुण्य लागतं, असा त्यांचा हिशोब. एकदा माझी बस चुकली म्हणून मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. उतार आला तसं त्यांनी इंजिनच बंद केलं. मागून कंटेनरचे भोंगे, मी जीव मुठीत धरून किंचाळतेय, आणि हे शांतपणे, "उताराला पेट्रोल कशापायी?" खाली उतरल्यावर मी त्यांना नको नको ते बोलले. त्यावर एवढंच म्हणाले, "बोलताय ते बरुबर हाय. उद्यापास्नं बसनं या."

साहेबांनाही ते सोडायचे नाहीत. साहेब म्हणजे आमचे प्लांट हेड. त्यांची गाडी गेटाशी इंजिन चालू ठेवून उभी असायची, साहेब बसतील तेव्हा आत गार हवं म्हणून. नाना जाऊन काचेवर टकटक करायचे आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावायचे. साहेब एकदा चिडून म्हणाले, "नाना, ही कंपनी तुमची आहे की माझी?" नाना म्हणाले, "कंपनीचं मला ठाव न्हाई, साहेब. पन ही जिमीन आमच्या भावकीची व्हती. हितं आमचा हरभरा व्हायचा. तुमी हितं आला, मी हितंच व्हतो." साहेब गाडीत बसले, बिनएसीच्या.

एकदा मुंबईहून एक सल्लागार आले. पडद्यावर सूर्य, पवनचक्क्या, हायड्रोजन, सगळं रंगीत. पुढच्या काळात भट्ट्या विजेवर जातील, विजेची भट्टी स्वच्छ, असं म्हणाले. नाना उठले. "वीज कशावर व्हती, साहेब?" सल्लागार म्हणाले, "आज बरीचशी कोळशावर, पण उद्या..." "उद्याचं उद्या. येऊ द्या तुमचं हायड्रोजन, मी हार घालीन. पन त्याची भट्टीबी दार उघडं ठिवूनच चालवनार असाल, तर तेबी पुरायचं न्हाई, सांगून ठिवतो." सल्लागार हसले. मीही हसले. आज ते हसू आठवलं की लाज वाटते.

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. बाहेरून आलेल्यांना वाटतं, दत्ताचा वार म्हणून. नाना त्यांना सुनवायचे, "द्येवाचा काय संबंध? वीज पुरंना, म्हनून सुट्ट्या वाटून दिल्या. आपली पोरं रैवारी घरी, आन आपन गुरवारी. बापलेकाची गाठ पडत न्हाई ती विजंपायी." पण या गुरुवारातच त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. सुट्टीच्या दिवशीही भट्टी विझवायची नाही, असा नियम. आत माल नाही, शेडमध्ये माणूस नाही, आणि गॅस दिवसभर जळतोय. का, तर भट्टी गार पडली की विटांना तडे जातात आणि पुन्हा तापवायला वेळ जातो. वर्षानुवर्षं चाललेलं, म्हणून कोणी विचारायचं नाही. नाना मात्र दर बुधवारी शिफ्ट संपताना भट्टीसमोर उभे राहून म्हणायचे, "उद्या रिकाम्या चुलीला सरपन घालायचं."

आणि मग ते दसऱ्याच्या आधीचे दिवस आले. आखातात कुठेतरी भडका उडाला, बोटी अडकल्या, आणि गॅसवाल्यांचा निरोप आला की पुढची सूचना येईपर्यंत कारखान्यांना गॅस कमी मिळेल. महिन्याचा वाटा ठरवून दिला, त्याच्या वर काही नाही. साहेबांनी दुपारी मीटिंग घेतली आणि सांगितलं, "एक नंबर बंद करू. दसऱ्यानंतर तिथल्या कॉन्ट्रॅक्टच्या लोकांना ब्रेक देऊ." ब्रेक म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. घरी जा, बोलावू तेव्हा या, आणि बोलावणं कधी येत नाही.

बावीस माणसं होती एक नंबरवर. रामेश्वर त्यातलाच. जालन्याकडचा, पस्तिशीचा, बायको आणि दोन शाळकरी मुली महाळुंग्यात एका खोलीत. मीटिंगची बातमी त्याला कळली तेव्हा तो माल सरकवत होता. त्याने दार इतक्या हलक्या हाताने लावलं की मला बघवेना.

नाना मीटिंगमध्येच उभे राहिले होते. म्हणाले, "जेवढा वाटा दिलाय तेवढ्यात दोन्ही भट्ट्या चालवून दावतो. गुरवारचा गॅस वाचवायचा. बुधवारी बर्नर बंद, भट्टी झाकून ठिवायची, शुक्रवारी पयल्या शिफ्टला पुन्ना पेटवायची. येक नंबरवर करून बघू, जमलं का दोन नंबरलाबी तेच. बाकी रोजची दारं मी बघतो."

"आणि विटा फुटल्या तर?"

"हळू गार झालेल्या विटा फुटत न्हाईत, साहेब. फुटत्यात त्या घाईनं."

साहेबांनी कागद मागवला. भट्टीला काही झालं तर जबाबदारी माझी, असं नानांकडून लिहून घेतलं. नानांच्या निवृत्तीला सहा महिने उरलेले. त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळायची बोलणी चालली होती. त्यांनी बारीक अक्षरात सही ठोकली. खाली इंजिनिअरच्या सहीची रेघ होती. म्हणजे माझी. कागद माझ्यासमोर आला आणि मी म्हणाले, "मला आधी विचार करावा लागेल." नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाईंचं. त्यांची सुरवात हाय." रागावले असते तर परवडलं असतं.

त्या बुधवारी त्यांनी भट्टी झाकली. गॅसच्या वाल्वला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. दाराच्या फटींवर आगीत न जळणारी जाड घोंगडी, आणि त्यावर स्वतःच्या उरल्यासुरल्या वावरातून पोत्यात आणलेली चिकणमाती. रामेश्वर आणि इतरांनी ती हाताने लिंपली. मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही.

शुक्रवारी सकाळी तापमानाचा काटा बघितला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. पाचशेच्या वर हवा होता, तो दोनशेच्याही खाली. भट्टी पुन्हा तापेपर्यंत दुपार झाली, अख्खी शिफ्ट गेली. साहेब येऊन फक्त "बघितलंत?" म्हणाले. संध्याकाळच्या आत बोर्डावर ब्रेकची यादी लागली. रामेश्वरचं नाव तिसरं.

नाना तासभर भट्टीभोवती फिरत राहिले. मग एकदम थांबले, वर बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. वर धुराड्याच्या तोंडाशी एक झडप असते. गॅस पेटलेला असताना ती चुकून लागली तर धूर शेडमध्ये भरून माणसं मरतील. म्हणून खुद्द नानांनीच कैक वर्षांपूर्वी ती तारेने उघडी बांधून टाकली होती, वर लाल चिंधी, आणि हात लावील त्याचा हात मोडीन अशी धमकी. खालची फट न् फट लिंपली, आणि सगळी ऊब वरून रात्रंदिवस आभाळात गेली. दारलावे म्हणून ज्यांना अख्खी कंपनी ओळखायची, त्यांचंच दार उघडं राहिलं! आणि मी? चार वर्षांची डिग्री घेऊन त्याच भट्टीखाली उभी होते. मला तरी कुठे सुचलं?

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. नाना तसेच साहेबांच्या केबिनमध्ये गेले, मी मागे. "साहेब, चूक माझी. वरचं दार ऱ्हायलं. भट्टीची चूक न्हाई. अजून येक गुरवार द्या."

"पुढचा गुरुवार खंडेनवमीचा आहे, नाना."

"मग तर बरंच की. यादी दसऱ्यानंतरची हाय. तवर मला कोन आडवनार?"

साहेब वैतागून म्हणाले, "करा. पण हा शेवटचा."

बुधवारी पुन्हा सगळं लिंपलं. या वेळी बर्नर बंद करून, वाल्वला कुलूप घालून, आतला गॅस निघून गेल्याची दोनदा खात्री करून नाना स्वतः शिडीने वर चढले, तार कापली, झडप लावली. लाल चिंधी खिशात घालून खाली आले. शुक्रवारी पेटवायच्या आधी झडप उघडायची, हे त्यांनी वाल्वच्या कुलपावर खडूने लिहून ठेवलं.

खंडेनवमीला आमच्याकडे सुट्टी असो नसो, माणसं बायकामुलांना घेऊन कंपनीत येतातच. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, पेढे. आणि आमच्या शेडची एक जुनी रीत होती. पूजा झाली की भट्टीचं दार उघडायचं आणि आत नारळ टाकायचा, अग्नीला नैवेद्य म्हणून. वर्षात एकदा तो मान साहेबांचा. साहेब कुर्ता घालून, हातात नारळ घेऊन, सहकुटुंब आले. भटजींनी मंत्र म्हटले. साहेब म्हणाले, "चला, उघडा दार."

नाना दारासमोर जाऊन उभे राहिले. "आज उघडायचं न्हाई."

"नाना, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिन्टात चोवीस तासांचं पानी व्हईल, साहेब."

साहेबांचे कान लाल झाले. "मी सांगतोय उघडा. देवाच्या कामात तरी हट्ट नको." आणि खरं सांगते, माणसंही साहेबांच्याच बाजूची होती. रामेश्वरची बायको ताट घेऊन पुढे आली, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "नाना, नैवेद्याबिगर ठेवू नका हो. आधीच आमचं नाव यादीत हाय. अजून इपरीत नको." बावीस जणांच्या पोटासाठी हा माणूस उभा होता, आणि बावीस जण त्याच्याकडेच रोखून बघत होते.

नानांनी मुंडाशासारखा बांधलेला टॉवेल सोडून तोंड पुसलं. त्या बाईला म्हणाले, "पोरी, तुझी आय निखारा राखंत पुरायची का न्हाई? मग मधीच राख उकरून बघायची का?"

ती म्हणाली, "न्हाई."

"मग? आग आत निजलीय. निजलेल्याला कुनी नैवेद्य दावतं व्हय? आज दारच देव हाय. दाराला वहा."

ती बाई क्षणभर घुटमळली. मग तिने दाराच्या कडीला हळदीकुंकू लावलं आणि हात जोडले. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. नारळ दारापुढे फरशीवर फुटला, पण साहेबांच्या हातून नाही. साहेब आपला नारळ ड्रायव्हरकडे देऊन निघून गेले होते.

शुक्रवारी दसरा, पण ऑर्डरी तुंबलेल्या म्हणून सुट्टी नव्हती. सकाळी मी बसमधून उतरून धावतच शेडमध्ये गेले. माणसं काट्याभोवती गोळा झालेली. पाचशे चाळीस! नानांनी वर जाऊन आधी झडप उघडली, खाली येऊन माती फोडली आणि दार तसूभर सरकवलं. आतल्या अंधारात विटा लालसर दिसत होत्या. तडा एकही नाही. रामेश्वर खालीच बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. नाना त्याच्यावर ओरडले, "रडतूस काय? बघून झालं ना? दार लाव!"

पहिल्या शिफ्टच्या दुसऱ्या तासाला माल आत गेला. पुढच्या गुरुवारी दोन नंबरही झाकली. महिन्याच्या वाट्यात दोन्ही भट्ट्या बसल्या. बोर्डावरची यादी साहेबांनी काढली, पण नानांना मेमो दिला. वरिष्ठांचा सर्वांसमोर अपमान केला, धार्मिक कार्यात अडथळा आणला, दोन दिवसांत खुलासा करावा. नानांना मुदतवाढ मिळाली नाही हे आत्ताच सांगून टाकते, उगाच आशेवर ठेवत नाही. सहा महिन्यांनी ते घरी गेले, आणि मला त्याची चीड आजही आहे.

पण तो खुलासा. नाना माझ्या केबिनमध्ये आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "घ्या लिहून." मी टाइप केलं, ते असं:

"साहेबांनी दार उघडायला सांगितलं हे खरं आहे. मी उघडलं नाही हेही खरं आहे. माफी मागण्यासारखं एकच काम माझ्या हातून झालं, आदल्या गुरुवारी वरची झडप उघडी राहिली. त्याची माफी मागतो. आपण मेमोवर सही करताना एसी चालू होता आणि खिडकी उघडी होती. तेवढी लावून घ्यावी."

मी म्हटलं, "नाना, शेवटचं वाक्य काढू या का?"

"का? खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. मी प्रिंट काढली. त्यांनी बारीक सही केली आणि हात धुवायला गेले. मी त्या कागदाकडे बघत बसले. त्यांच्या सहीखाली रेघ नव्हती, माझी सही कोणी मागितलीही नव्हती. मी पेन उचललं आणि पूर्ण नावानिशी सही केली. इतकी उशिरा केली, पण केली. तेवढ्यात रामेश्वर काहीतरी विचारायला दारात आला. त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पेनसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर आहात, रामेश्वरभाऊ. उद्या हेच कारण काढून घालवतील." तो म्हणाला, "घालवू द्या." सही करून तो बाहेर गेला आणि एकेकाला घेऊन यायला लागला.

नाना टॉवेलला हात पुसत परत आले, तेव्हा माझ्या केबिनमध्ये मुंगीला जागा नव्हती. कागद पुढून भरून मागच्या बाजूला गेला होता. त्यांनी चष्मा लावला. प्रत्येक नावावर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या नावावर बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग चष्मा काढला, टॉवेलने डोळे पुसले आणि खेकसले, "येका मानसाचा खुलासा, आन वर तेवीस सह्या? शाई काय फुकट येती?"

नानांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, ओठ हलवून मोजली माणसं, आणि एकदम त्यांचा चेहरा पालटला.

"आरं, तुमी समदे हितं! मग भट्टीवर कोन हाय? दार लावलंय का कुनी?"

बावीस माणसं शेडकडे पळाली. त्यांच्यामागे मीही पळाले.